पेटीत थांबलेली पत्रं

आमच्या घरची फोनची तार उसाच्या ट्रॉलीनं तुटायची. कसबा बावड्यात रस्त्याकडेला घर असलं की हे आलंच. कारखाना सुरू झाला की ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, त्यावर घराच्या पत्र्याला टेकेल एवढा ऊस रचलेला. आमची तार रस्त्यापलीकडच्या खांबावरून आलेली, मधे लोंबकळलेली. उसाची मोळी तिला अडकायची, ट्रॉली पुढं जायची आणि तार ताणली जायची. कधी तुटायची, कधी नुसती सैल व्हायची. सैल तार तुटलेल्या तारेपेक्षा वाईट. तुटली तर तक्रार करता येते. सैल तार मनात आलं तर चालते, नाही आलं तर खरखरते.

मला फोनच्या तारेशी काही देणंघेणं नव्हतं. पण मुलगी अमेरिकेत होती आणि तिला पत्र त्या तारेतूनच जायचं.

माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचता येतं, लिहिता येतं, इंग्रजी अक्षर येत नाही. आमचे मालक, म्हणजे मुलीचे वडील, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत स्टोअर सांभाळायचे. आलेला माल लिहून घ्यायचा, गेलेला लिहायचा, यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळं इंग्रजी अक्षरं त्यांच्या हातात बसलेली. ते रिटायर झाले तेव्हा जावयानं कॉम्प्युटर घेऊन दिला आणि फोनच्या तारेला जोडून दिला. तो आम्ही देवघराशेजारी टेबलावर ठेवला, वर माझ्या जुन्या लुगड्याचं पांघरूण घातलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समजावलं.

"हे बघ, तू सांगशील ते मी लिवणार. लिवून झालं की ते ह्या पेटीत जाऊन बसतंय. आउटबॉक्स म्हणायचं ह्याला. लाईन लागली की पेटीतलं समदं निघतंय."

"आणि न्हाई लागली तर?"

"तर बसतंय."

"कवापतूर?"

"लाईन लागंस्तवर."

"मग पोष्टमन काय वाईट हुता?"

ते हसले. मला हसू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलीचं उत्तर आलं तेव्हा मी पोष्टमनचं नाव काढलं नाही.

मी भाजी निवडत सांगायची, ते एका बोटानं टायप करायचे. मराठी बोलणं, पण इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं पाठवली की तिकडं नुसते चौकोन दिसायचे. मला ते वाचता येत नसे, म्हणून लिहून झालं की मी त्यांच्याकडून वाचून घेत असे. एक शब्द इकडचा तिकडं झाला तरी मला कळायचं. मग पहाटे, ट्रॉल्या कमी असताना, ते लाईन लावायचे. कॉम्प्युटरच्या डब्यातून आधी शिट्टी, मग पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज. तो थांबला की लागली म्हणायचं. पेटीतली पत्रं आधी निघायची, मग तिकडची यायची. अर्धी गेली की तार हलायची आणि उरलेली बसून राहायची. एकदा माझ्या पुतणीचं लग्न ठरल्याचं पत्र असं बसलं. लाईन लागेपर्यंत ते लग्न मोडलंसुद्धा. दोन्ही पत्रं एकाच पहाटे गेली. मुलीनं लिहिलं, "आई, तुमच्याकडे नक्की चाललंय काय?" तेव्हा मात्र मी हसले.

मुलीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. लोक विचारायचे. मी म्हणायची, हलायचा तेव्हा हलेल, तुम्हाला काय घाई? पण रात्री माझ्या डोक्यातही तेच. त्या वर्षी ऐन हंगामात तिचं पत्र आलं की दिवस गेले आहेत. मालकांनी ते दोनदा वाचलं. मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

मग मी कामाला लागले. मुलगी समोर असती तर हातानं केलं असतं. नव्हती, म्हणून तोंडानं केलं. रोज एक पत्र, कधी दोन. डाव्या कुशीवर झोप. पपई खाऊ नको. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या चुकवू नको. उंचावरचं काही हात वर करून काढू नको. जिने चढू नको. उलट्या होतात का? पोटात ओढ लागते का? कपडे वाळत कोण घालतं? माझ्या सासूनं मला सांगितलेलं, आईनं सांगितलेलं, शेजारणींनी सांगितलेलं, सगळं मी सांगितलं. ती उत्तर लिहायची, "हो आई. नाही आई. ह्यांच्याकडून काढून घेते आई."

बाहेर कुणाला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. तिसरा महिना संपेपर्यंत सांगत नाहीत. ठावं होतं ते मला, मालकांना आणि शेजारच्या अक्काला. अक्का लिंगायत, माहेर सीमेकडचं, घरात कानडी बोलतात. माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी. तिच्यापासून आमच्या घरातलं काही लपत नसे, कारण भिंत एकच होती.

त्याच सुमारास माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरनं पट्टी बांधली, मग काळा चष्मा दिला आणि सांगितलं, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि रडायचं नाही. मी म्हटलं, "रडायला कोण बसलंय?"

त्याच आठवड्यात मुलीचं बाळ पोटातच गेलं.

ते मला माहीत नव्हतं. तिनं आबांना म्हणजे तिच्या बापाला लिहिलं होतं. मी पट्टी बांधून आत पडले होते, पहाटे लाईन लागली, माझी पत्रं गेली आणि तिचं ते पत्र आलं. त्यात तिनं लिहिलं होतं की आईला इतक्यात सांगू नका, तिचा डोळा बरा होऊ दे, मग मीच सांगेन. मालकांनी ते वाचलं, कॉम्प्युटर बंद केला आणि मला चहा आणून दिला. चहात साखर नव्हती. मी म्हटलं, "साखर संपली व्हय?" ते म्हणाले, "इसरलो."

एवढंच. मला काही कळलं नाही.

मी सांगायचं थांबले नाही. उलट पडून पडून मला जास्त सुचायला लागलं. बाळंतविड्याला काय काय लागतं ते सांगितलं. डिंक कुठला चांगला, अळीव कसे निवडायचे, दुपटी जुन्या लुगड्याची करायची, नवं कापड बाळाला बोचतं, हे सांगितलं. मुलगा झाला तर कुणाच्या घरात काय नाव चालतं, मुलगी झाली तर आत्याचा मान कसा ठेवायचा, हे सांगितलं. आणि प्रत्येक पत्रात जुनंच परत विचारलं, डाव्या कुशीवर झोपतेस ना, पपई आणली नाहीस ना, गोळ्या घेतेस ना, जिने चढत नाहीस ना, कपडे वाळत कोण घालतं, पोटात ओढ लागते का. मालक टायप करायचे. मी वाचून दाखवा म्हटलं की वाचून दाखवायचे. सगळं जसंच्या तसं.

"गेलं का कालचं?"

"लाईन लागंना."

"फोन तर वाजतोय."

"बोलायला चालतीया गं. ह्याला लाईन स्वच्छ लागती. खरखर हाय."

मला खरं वाटलं. न वाटायला काय झालं? ट्रॉल्या जातच होत्या.

मधे मुलीचा फोन आला, डोळा कसा आहे म्हणून. आवाज बसलेला. म्हणाली, "सर्दी झालीय." मी म्हटलं, "सर्दी झाली तर गरम पाण्याचा वाफारा घे, आणि हे बघ, डाव्या कुशीवर..." तेवढ्यात मालकांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तुला बोलायचं न्हाई जास्त. डोळ्यावर ताण येतोय." मी म्हटलं, "बोलतंय तोंड, डोळ्याला काय हुतंय?" पण त्यांनी फोन दिला नाही. ते फोनवर नुसतं "व्हय, व्हय, जेव बाळ, जेव" असं म्हणत राहिले.

मग मी चोरओटीचं काढलं. आमच्यात तिसऱ्या महिन्यात माहेरची ओटी भरतात. मोठ्या डोहाळजेवणासारखी नाही, गुपचूप. चार बायकासुद्धा नाहीत, गाणी नाहीत. हिरवा खण, तांदूळ, नारळ, हळदीकुंकू. अजून पोट दिसत नसतं, कुणाची नजर लागू नये म्हणून चोरून भरायची. माझ्या आईनं माझी भरली होती. मी माझ्या मुलीची भरणार होते, ती सातासमुद्रापलीकडं असली तरी.

अक्काला बोलावलं. म्हटलं, "पूजेला नवरा हजर नसला तर त्याच्या जागी सुपारी मांडतात का न्हाई?"

"मांडत्यात."

"मग लेक हजर न्हाई म्हणून सुपारी मांडायची."

अक्का म्हणाली, "अय्यव्वा! सुपारीची ओटी भरायची? असं कुठं बघिटलं न्हाई बाई मी."

"बघिटलं न्हाईस तर आता बघ."

"आमच्यात न्हाई हो असलं."

"तुझ्यात नसू दे. माझ्यात हाय. मला वाकायचं न्हाई म्हणून तुला बोलावलंय, न्हाईतर मीच केलं असतं. हात चालीव."

ती हसली. पाट मांडला, पाटावर तांदळाचं मूठभर आसन केलं, त्यावर सुपारी ठेवली. मी खुर्चीत बसून, काळा चष्मा लावून, काय काय करायचं ते सांगत होते. हळदीकुंकू लावलं. खण ठेवला. नारळ ठेवला. अक्का सुपारीला म्हणाली, "बाई गं, नीट बाळंत हो. तुझी आई लई खवीस हाय, नातवाला वळण लावील." आम्ही दोघी खूप हसलो. डोळ्याला ताण पडेल म्हणून मी चष्म्यावरून हात धरून हसत होते.

मालक सुरुवातीला दारात उभे होते. मग चप्पल घालून बाहेर गेले. मला वाटलं, बायकांच्या कामात पुरुष कशाला थांबेल.

संध्याकाळी मी चोरओटीचं पत्र सांगितलं. मोठं होतं. खणाचा रंग, अक्का काय म्हणाली, सगळं. शेवटी सांगितलं, "तू हितं नसलीस तरी तुझी ओटी रिकामी ठेवली न्हाई." मालकांना ते टायप करायला फार वेळ लागला. सारखं चुकत होतं, पुसत होते, परत मारत होते. मी म्हटलं, "चष्मा पुसा की जरा." त्यांनी पुसला.

"आता वाचा."

त्यांनी वाचलं. शेवटच्या ओळीला थांबले.

"काय झालं?"

"अक्षर बारीक दिसतंय."

हंगाम संपला. कारखान्याचं धुराडं बंद झालं, मळीचा वास गेला, रस्ता मोकळा झाला. ट्रॉल्या नाहीत. तरीही यांची लाईन लागत नव्हती. पट्टी सुटली होती, चष्मा होता, मी घरात फिरत होते. विचारलं की एकच, "खरखर हाय." मी फोन कानाला लावून बघितला. खरखर नव्हती. आता माझ्या डोक्यात बसलं की तक्रार द्यायला यांना लाज वाटते. आमच्या मालकांना कुणाकडं काही मागायची सवय नाही. नळाला पाणी नाही आलं तर ते नळाकडं बघत उभे राहतील, पण महापालिकेत जाणार नाहीत.

मी एका सकाळी, ते भाजीला गेलेले बघून, चष्मा लावला आणि टेलिफोन ऑफिसात गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, अर्ज द्या.

मी म्हटलं, "अर्ज लिवायला मला ह्या डोळ्यानं दिसत न्हाई. तुमी माणूस द्या. माझी लेक गरवार हाय परदेशात, तिची पत्रं अडकल्यात."

मोठ्यानं बोलले. ऑफिसात सगळ्यांनी ऐकलं. चोरओटीचं गुपित मीच असं फोडलं. तिथं एक लाईनमन कमरेला फोन अडकवून उभा होता. तो म्हणाला, "चला मावशी, बघतो. बावड्यातच जायचंय मला."

मी काही चुकीचं केलं असं मला आजही वाटत नाही. लाईन बंद आहे असं सांगितल्यावर माणूस लाईनमनकडंच जाणार.

तो खांबावर चढला, आपला फोन तारेला लावला, बोलला, उतरला. म्हणाला, "मावशी, लाईन तर चांगली हाय की."

"खरखर हाय म्हणत्यात आमचे मालक."

"कुठली खरखर? तार नवी घातलीया गेल्या महिन्यात. घरात बघू चला."

त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं. कॉम्प्युटरला जाणारी फोनची वायर काढलेली होती. नुसती काढलेली नाही, नीट गुंडाळून, रबर लावून मागं ठेवलेली. स्टोअरमध्ये माल ठेवतात तशी.

"ही तर काढूनच ठेवलीया. कुणी काढली?"

मी म्हटलं, "झाडताना निघाली असंल. पावणं, घाला की ती आणि बघा चालतंय का."

त्यानं घातली. त्यांच्या ऑफिसात असले कॉम्प्युटर आलेले, त्याला माहीत होतं. त्यानं इकडं तिकडं दाबलं. शिट्टी वाजली, पत्र्यावर खडे ओतले आणि शांत झालं.

"लागली. अबब, मावशी, लई पत्रं हुती की तुमची पेटीत! चाललीत बघा."

पडद्यावर एक निळी पट्टी भरत होती, रिकामी होत होती, परत भरत होती. मी चष्मा काढून बघितलं. मला वाचता येत नव्हतं, पण एकेक निघतंय हे दिसत होतं. डिंक गेला, अळीव गेले, दुपटी गेली, नावं गेली, ओटी गेली. मला लई बरं वाटलं. मी लाईनमनला चहा केला. वाकू नको, चुलीजवळ जाऊ नको म्हणून सांगितलेलं, तरी केला.

तो गेला आणि मालक भाजी घेऊन आले. त्यांना उघडा कॉम्प्युटर दिसला. वायर दिसली. पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही, हातातच धरून उभे राहिले.

"कुणी लावलं?"

"लाईनमन आणला मी. तुमास्नी जमंना म्हणून. समदी गेली पत्रं."

"समदी?"

"समदी. एक ऱ्हायलं न्हाई."

ते जवळ गेले, बघितलं. मग पिशवी खाली ठेवून जमिनीवर बसले. खुर्ची शेजारीच होती. म्हणाले, "बस खाली."

"मला वाकायचं न्हाई."

"बस गं. पोर न्हाई ऱ्हायलं तिचं. तुझं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात गेलं."

मी बसले नाही. उभीच राहिले. पहिलं काय विचारलं ते सांगते. मी विचारलं, "ओटी भरली तवा तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"आणि गप बसला?"

"काय सांगू? डोळा बरा व्हायचा हुता तुझा."

"मग लिवलं कशाला ते समदं? लिवलं म्हणून खोटं सांगायचं हुतं."

"वाचून घेत हुतीस तू."

"मग पुसायचं मागून. बटन हाय म्हणताय ना पुसायचं."

"हाय," ते म्हणाले. "तुला सांगून झालं की पुसणार हुतो." मग म्हणाले, "दोनदा बसलो पुसायला. हात धजला न्हाई."

मला आधी राग आला. दुःख मागून आलं, संध्याकाळी, भाकरीचं पीठ मळताना. बाईला आधी दुःख व्हायला पाहिजे असं लोक म्हणतील. म्हणू देत. आणि डोळ्याचं विचाराल तर काही झालं नाही. चांगला आहे, अजून त्याच डोळ्यानं सुईत दोरा ओवते. रडल्यानं डोळा जात नाही. उगीच सांगतात.

मालकांनी तेव्हाच उठून आणखी एक पत्र लिहिलं. "आधीची पत्रं वाचू नको." तेही लगेच गेलं. पण ते सगळ्यांच्या मागं जाऊन उभं राहिलं. रांगेत शेवटी उभा राहिलेला माणूस पुढच्यांना कसा थांबवणार?

उत्तर यायला दोन-तीन दिवस गेले. अक्का सारखी येऊन बसायची, शेंगा फोडायची. तिला सुपारीचं आठवत असणार. मला आठवत होतंच.

एका सकाळी पत्र आलं. मी म्हटलं, "आता मला गाळून वाचून दाखवायचं न्हाई. जसं हाय तसं."

त्यांनी वाचलं. मुलीनं रडणं लिहिलं नव्हतं. माझ्यावर राग लिहिला नव्हता. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं तिनं उत्तर लिहिलं होतं, ओळीनं. डाव्या कुशीवरच झोपत होते. पपई इथं मिळते, पण आणली नाही. गोळी एकही चुकवली नाही, डबी दाखवू शकते. जिने चढत नव्हते, लिफ्ट आहे. कपडे हे वाळत घालत होते. पोटात ओढ लागली त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले, उशीर केला नाही. शेवटी लिहिलं होतं, "आई, तू सांगितलेलं सगळं मी केलं होतं."

मालकांनी चष्मा काढला.

मला समजायला वेळ लागला नाही. मी पत्रं पाठवली ती एक एक करून, पोटातलं बाळ वाढतंय या भरवशावर. तिला ती एकदम मिळाली, बाळ गेल्यावर. झोपतेस ना? घेतेस ना? चढत नाहीस ना? तिकडं बसून वाचताना ती झडती वाटली तिला. आईनं केलेली झडती.

"काय लिवू?" मालकांनी विचारलं.

"लिवू नका काई. फोन लावायचा."

आमच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे. कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो. आमच्या सकाळी तिकडं रात्र सुरू झालेली असते, जेवणं झालेली असतात. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला आपणहून फोन लावत होते. नेहमी तीच लावायची. काचेच्या पेटीत एकच माणूस मावतो, म्हणून मालक बाहेर उभे राहिले, काचेला हात टेकून.

"आई? काय झालं? आबा बरे आहेत ना?"

"बरं हाईत. भाईर उभं हाईत."

"मग एवढ्या सकाळी..."

"तुझं पत्र आलं."

त्या फोनवर आपलंच बोलणं मागून परत ऐकू यायचं. माझंच वाक्य मला ऐकू आलं, तुझं पत्र आलं.

मी म्हटलं, "मी इचारलं ते तवा इचारलं. मला ठावं न्हवतं. तुझी चौकशी न्हवती ती. तुझं काई चुकलं न्हाई."

"हं."

"हं काय? ऐकू आलं का?"

"आलं."

मग ती म्हणाली, "आई, एक मी पत्रात लिहिलं नाही."

"काय?"

"एकदा वरचा डबा काढला होता. हात वर करून. हे घरी नव्हते. तू सांगितलं होतंस काढू नको म्हणून."

"कसला डबा?"

"पोह्यांचा."

"पोह्यांच्या डब्यानं पोरं जात न्हाईत."

"तूच लिहिलं होतंस."

"माझ्या सासूनं मला सांगितलं, ते मी तुला सांगितलं. तिला तरी काय ठावं हुतं? उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन बायका बाळंत हुत्यात. डब्यानं काय हुतंय?"

"मग कशानं जातात?"

जन्मभर मला कुणी काही विचारलं आणि मी गप्प बसले असं झालं नव्हतं. डोळ्यावर काय लावायचं, खोकल्याला काय द्यायचं, कुणाच्या लग्नाला किती आहेर, सगळं मला ठावं असायचं. मी म्हटलं, "मला ठावं न्हाई बाळ."

मग ती रडली. इतके दिवस ती रडली नसेल असं नाही, पण मला ऐकू येईल असं आत्ता रडली. मी गप्प बस म्हणाले नाही. काही सांगितलं नाही. तिचं रडणं आणि मागून त्याचाच आवाज, दोन्ही ऐकत उभी राहिले. बूथवाल्यानं एकदा काचेतून बघितलं. मालकांनी त्याला हातानंच असू दे म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "काय म्हणाली?"

"डबा काढलता म्हणं वरचा."

"मग?"

"मग काय. त्यानं काय हुत न्हाई म्हटलं मी."

"पटलं का तिला?"

मी चालायला लागले. आम्ही घरी आलो.

तिला पुढं मूल झालं नाही. मालक गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगी रोज फोन करते, आता तोंडही दिसतं, भाजी काय केली, गुडघे कसे आहेत, सगळं बोलतो. त्या दिवसाचं दोघीही काढत नाही. लहानपणापासून तिनं माझं सगळं खरं मानलं. मी सांगितलं म्हणून पपई आणली नाही, मी सांगितलं म्हणून डाव्या कुशीवर झोपली. फक्त त्या एका सकाळी बूथवरून मी तिला सांगत होते की मी सांगितलेलं खरं मानू नको. ते तिनं मानलं का, मला माहीत नाही.